हत्तीच्या पायी

सोमवार, रात्री

संभाजीराजांवरील मालिकेत आज शिवाजी महाराजांचे सचिव अण्णाजी दत्तो यांना हत्तीच्या पायी दिल्याचा प्रसंग पुन्हा दाखवला. 'असंच पाहिजे हुतं त्याला,' असे म्हणत आत्या समाधानाने ताटे मांडायला उठली. आमच्या ज्या कोल्हापूरने हत्तींची साठमारी (चवताळलेल्या हत्तीला माणसांनी झुंजवण्याचा खेळ) पाहिली आहे, त्याला हत्तीच्या पायाखाली माणूस देणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

शिक्षा योग्य होती का, असे कोणी विचारलेच, तर १६८१ च्या न्यायाने होती, असेच मी म्हणेन. शिवाजी महाराज ३ एप्रिल १६८० रोजी गेले, तेव्हा दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवून पन्हाळ्यावरील संभाजीराजांना कैद करण्याच्या बेतात अण्णाजी पुढे होते. सरसेनापती हंबीरराव मोहित्यांनी तो बेत उधळला. राजांनी नंतर अण्णाजींना सोडले, कारभारातही परत घेतले, आणि तरीही पुढल्याच वर्षी औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर याला हाताशी धरून दुसरा कट शिजला. एकदा जीवदान मिळालेला प्रधान पुन्हा धन्यावर उलटला, तर त्या काळच्या कोणत्या दरबाराने त्याला जिवंत ठेवले असते? (कटवाल्यांनी ज्यांना पुढे केले, त्या राजारामांच्याच राणीने, ताराबाईंनी, पुढे आमची करवीरची, म्हणजे कोल्हापूरची, गादी उभी केली. हे मात्र आमच्या घरात कोणी काढत नाही.)

माझी तक्रार शिक्षेबद्दल नसून समाधानाबद्दल आहे. मालिकेतले अण्णाजी पहिल्या भागापासून डोळे बारीक करून कुजबुजतात, त्यामुळे हत्ती येईपर्यंत प्रेक्षक त्याची वाटच पाहत असतो. जमिनीची मोजणी करून शेतसारा ठरवणारे, १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदांनी पन्हाळा सर केला त्या मोहिमेत वाटा असलेले अण्णाजी तिथे कुठेच नाहीत. रविवारी आपण ज्या गडावर झुणका-भाकर खायला जातो, तो स्वराज्यात परत आणणाऱ्यांपैकी एकाचा हा शेवट आहे, हे कळले असते तर ताटे जरा उशिरा मांडली गेली असती.

आणि बाळाजी आवजी? महाराजांचे हे चिटणीस त्याच कटाच्या आरोपावरून, त्याच सुमारास, मुलासह मारले गेले. त्यांचा दोष अण्णाजींइतका स्पष्ट नव्हता, पण रागाच्या भरात दिलेल्या शिक्षेला असा फरक करायला सवड नसते. त्यांचे दुसरे पुत्र खंडो बल्लाळ मात्र त्याच गादीच्या चाकरीत राहिले, आणि दक्षिणेतल्या जिंजी किल्ल्याला पडलेल्या मोगली वेढ्यातून राजाराम महाराजांना सोडवण्यासाठी त्यांनी आपल्या वतनावर पाणी सोडले, असे सांगतात. बाप आणि भाऊ ज्या हुकमाने गेले, त्याच घराण्याची लेखणी पुन्हा हाती धरताना या माणसाच्या मनात काय चालले असेल, यावर मालिकेने एक अख्खा भाग खर्चायला हवा होता.