माझे तास भरले!

परवा इथे इंग्लंडमधल्या आमच्या शाळेत स्टाफ मीटिंग लांबली. मुख्याध्यापकांचं बोलणं चालू असतानाच भूगोलाच्या बाई उठल्या, ‘माझे तास भरले’ म्हणाल्या आणि वह्यांचा गठ्ठा काखेत मारून चालत्या झाल्या. कुणी मान वर केली नाही. आपल्याकडे असं कुणी केलं असतं, तर पुढच्या वेळापत्रकात आठवीचे शेवटचे तास त्याच्याच वाट्याला!

इंग्लंडमधल्या सरकारी शाळांच्या सेवाशर्तींनुसार मुख्याध्यापक शिक्षकाला वर्षाच्या १९५ दिवसांत १२६५ तासच कामाला लावू शकतात. शिकवणं, पालकसभा, मीटिंग, गेटवरची ड्यूटी, सगळं त्यातच. त्याचं कॅलेंडर सुरुवातीलाच निघतं आणि आमच्या युनियनवाल्या बाई ते किराण्याचं बिल तपासावं तसं तपासतात. पालकसभा वाढली की मीटिंग कापायला लावतात. शिवाय शिकवण्याच्या वेळेचा किमान दहावा भाग तयारीसाठी राखीव. त्या तासाला दुसऱ्याच्या वर्गावर पाठवता येत नाही. ऑफ तासाला चहाचा कप ओठांना लावावा आणि शिपाई बदली तासाची वही घेऊन समोर उभा, असली माझी नोकरी झालेली. मला हे पचायलाच वेळ लागला.

मेख पुढे आहे. काम नीट होण्यासाठी लागतील ते वाजवी जादा तास या हिशोबाबाहेर. वह्या रविवारीच तपासायच्या, इथेही.

राजकारण म्हणाल तर इथे ते गोड हसून चालतं. विभागप्रमुखपद मुलाखतीवर, आणि मुलाखतीआधीच नाव सगळ्यांना ठाऊक. गेल्या खेपेला माझ्या निम्म्या अनुभवाचा पोरगा बसला. आपली सेवाज्येष्ठता यादी बरी. रुजू तारखेवरून भांडणं होतात, पण यादी भिंतीवर तरी लागते! आणि बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राचे अधिकारी, म्हणून दारोदार मतदारयाद्या फिरवून दहावीचा निकालही लावणारे माझे जुने सहकारी इथल्या कुणाला हार जाणार नाहीत, हे छातीवर हात ठेवून सांगतो.

मग गेलास कशाला, पैशासाठीच ना? हो, पैशासाठीही. शिक्षण सेवकाची, म्हणजे महाराष्ट्रात कायम होण्याआधीची मानधनावरची, तीन वर्षं मी माध्यमिकला महिना ८००० रुपयांवर काढली. ते मानधन १८००० झालं २०२३ मध्ये, मी निघून आल्यावर. आता परत ये म्हणणारे सांगत नाहीत, की आलो तर पुन्हा शिक्षण सेवक म्हणूनच ना?