आमची वाटचाल: टन म्हणजे टन नसतो

आम्ही स्टीव्हडोर, म्हणजे बंदरात जहाजांवर माल चढवणारे-उतरवणारे. पोत्यांवर मोठे झालो. 50 किलोचं पोतं, एका जाळीत 30 पोती, म्हणजे एका उचलीला दीड टन. हातातला लोखंडी हुक सोडायला टोळी कधीच राजी नसते, कारण हुकाने पोतं चटकन उचललं जातं. पण हुकाचं भोक म्हणजे गळती, गळती म्हणजे टॅलीत (मालाच्या मोजणीत) तूट, आणि तुटीचा दावा येतो आपल्याच दारात. आमच्या कामावर हुकाला आजही बंदी आहे.

1956 साली ‘आयडियल एक्स’ हे जहाज 58 कंटेनर घेऊन निघालं, आणि पोत्यांच्या धंद्याला तिथूनच घरघर लागली. पेटीत बसेल तो माल पेटीत गेला. आमच्यासाठी उरला तो न बसणारा: सुटा कोळसा, खनिज, खत, धान्य, पोलादी कॉइल (पत्र्याच्या गुंडाळ्या), अवजड यंत्रं. आम्ही ग्रॅब (क्रेनला लटकणारे, माल उचलणारे लोखंडी पंजे) घेतले, पेलोडर (पुढे बादली असलेल्या गाड्या) घेतले आणि या मालात उतरलो.

त्याच सुमारास शेजारच्या धक्क्यावरच्या एका कंपनीने सगळ्या मालाला एकच दर जाहीर केला. माल कोणताही असो, टनाला इतके. नाव लिहीत नाही, या धंद्यातल्यांना लागत नाही. गिऱ्हाइकांना हिशेब सोपा वाटला आणि आम्हीही घाबरून तोच दर लावला. तीच आमची चूक.

ग्रॅबचं गणित पाहा. 12 घनमीटरच्या ग्रॅबमध्ये कोळसा भरला, घनमीटरला 0.8 टन, की साडेनऊ टन येतो. युरिया भरला तर नऊ. तोच ग्रॅब लोहखनिजात घातला, घनमीटरला 2.4 टन, तर 29 टन भरेल. वर ग्रॅबचं स्वतःचं 10 टन वजन. 30 टनी क्रेनवर 39 टन. शिवाय ग्रॅबच्या कामात क्रेनची मर्यादा क्रेनच्या हुकाने उचलायच्या कामापेक्षा कमी धरतात, कारण तोच भार दिवसभर शेकडो वेळा उचलायचा असतो. म्हणून खनिजाला 6 घनमीटरचा ग्रॅब. तरीही एका उचलीत 14 टन निघतात, म्हणजे युरियाच्या दीडपट. एकच दर परवडतो तो खनिजवाल्याला. त्या कंपनीने खनिजाची जहाजं कामाला घेतली, हलक्या मालाला ‘बर्थ (जहाज लावायची जागा) मोकळा नाही’ म्हणून सांगितलं, आणि खनिजाच्या दरातलं हलकं काम आमच्या गळ्यात पडलं.

मग युरिया आला. 30 अंश तापमानाला हवेतली आर्द्रता साधारण 73 टक्क्यांच्या वर गेली की युरिया हवेतलं पाणी ओढतो. (अमोनियम नायट्रेटशी मिसळला तर 18 टक्क्यांनाच ओढू लागतो, एकाच गोदामात हे दोन्ही ठेवणाऱ्याला काय म्हणावं?) दर कापलेला, म्हणून माणसं कापलेली. दोन पाळ्यांच्या मध्ये हॅच, म्हणजे जहाजातल्या मालाच्या खणाचं झाकण, बंद करायला कोणी नव्हतं. रात्रभर दमट हवा आत गेली, दिवसा वरचा थर वाळला, आणि दाण्यांमध्ये स्फटिकांचे पूल तयार होऊन माल सिमेंटसारखा बसला. ग्रॅब खणतो तो स्वतःच्या वजनावर. आमचा हलका धान्याचा ग्रॅब त्या कवचावरून नुसता घसरायचा. शेवटी एक्स्कॅव्हेटर खणात उतरवावा लागला. अशा वेळी कडेला उभी भिंत ठेवून खालून खोदायचं नसतं, ती माणसावर कोसळते. वरून पायऱ्या पाडत यायचं, आणि त्याला वेळ लागतो. एकदा डेमरेज (ठरल्या वेळेपलीकडे जहाज अडकल्याचा आकार) सुरू झालं की रविवार नाही, पाऊस नाही, घड्याळ चालूच. चार्टररने (जहाज भाड्याने घेणाऱ्याने) ते भरलं आणि आमच्या बिलातून वळतं केलं. एक क्रेन आणि दोन पेलोडर विकून आम्ही तरलो.

पुढची वर्षं ठीक गेली. आता दर मालागणिक.

त्या पडत्या काळात टिकलेला एक खत आयातदार आहे. भाव कमी कर, असं तो कधी म्हणाला नाही. ‘खण झाडून द्या’ एवढंच त्याचं मागणं. शेवटचे पाच टक्के सर्वांत महाग पडतात: फ्रेमच्या (जहाजाच्या आतल्या फासळ्यांच्या) कडांवर साचलेला माल लांब काठीने पाडायचा, पेलोडरने मधोमध आणायचा, मग झाडू. घाईने इथे सोडलेला माल पुढच्या मालात मिसळतो आणि भांडण तिसऱ्याशीच होतं.

कॉइलवाल्यांना एक सांगणं. कॉइलला उघडी साखळी लावू नका, कड चेपते आणि कारखाना आतल्या वेढ्यांपर्यंत नाकारतो. रुंद बेल्ट किंवा क्रेनचा सी-हुक (C आकाराचा हुक) वापरा. खाली डनेजच्या (आधाराच्या लाकडांच्या) दोन ओळी, कॉइलचा अक्ष जहाजाच्या लांबीत, दोन्ही बाजूंना पाचर, आणि रांगेच्या मधल्या फटीत वरून बसणारी लॉकिंग कॉइल. गंज दिसला तर सही करण्याआधी सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाका. दुधाळ झालं की क्षार आहे, म्हणजे बहुधा समुद्राचं पाणी लागलंय. तसं असेल तर दोष स्टीव्हडोरचा नाही.

अवजड यंत्रांना स्लिंगचा (उचलायच्या दोन पायांच्या दोराचा) कोन आडव्या रेषेपासून 60 अंशांच्या खाली नेऊ नका. 60 अंशांवर दोन पायांपैकी प्रत्येकावर भाराच्या 58 टक्के ताण येतो, 30 अंशांवर पूर्ण भाराइतका.

आणि खनिजाची बारीक भुकटी भरणारे हो, ओलाव्याचं प्रमाणपत्र असलं तरी कॅन टेस्ट (डब्याची चाचणी) करा. डबा अर्धा भरायचा, 20 सेंटिमीटरवरून कठीण जागेवर 25 वेळा आपटायचा, एक-दोन सेकंदांच्या अंतराने. वर पाणी सुटलं किंवा माल पातळ झाला तर भरणी थांबवायची आणि प्रयोगशाळेला कळवायचं. ओलाव्याची तपासणी भरणीच्या आधी सात दिवसांच्या आतली हवी, आणि मधे पाऊस झाला तर पुन्हा. ओला माल जहाजात पातळ होऊन सरकला की जहाज कलंडतं. 2 जानेवारी 2015 ला ‘बल्क ज्युपिटर’ हे जहाज बॉक्साइट घेऊन बुडालं, 19 जणांपैकी एकच वाचला.

चौकशी पाठवताना मालाचं नाव, घनता, ओलावा आणि जहाजाच्या क्रेनची ग्रॅबवरची मर्यादा लिहा. नुसते टन लिहून आलेल्या पत्राला आम्ही दर देत नाही.