रामशेजवरून उतरताना

सोमवार, उपवासकाळाचा दुसरा आठवडा

सोमवार हा आम्हा फादर लोकांचा सुट्टीचा वार. सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाली की पायथ्याची आशेवाडी गाठायची आणि नाशिकजवळचा रामशेज किल्ला चढायचा, हा ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळातला माझा नेम. कळसूबाई १६४६ मीटर, साल्हेर १५६७. त्यांच्यापुढे रामशेज लहानच. पण १६८२ साली मोगलांचा वेढा पडल्यावर वर्षानुवर्षे झुंजलेला हा गड मला सगळ्यांत जवळचा. सध्या गवत पार वाळलंय, पळस फुललाय आणि उन्हं वर आली की कातळाला हात लावायची सोय नाही. वर रामाच्या देवळापाशी टेकलो, तर तिथल्या बाबांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. "उपास चालू असतील ना, फादर?"

काल रविवारच्या मिस्सेत येशूच्या रूपांतराचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं वाचन, होतं. डोंगरावर प्रभूचं तेज पाहून त्याचा शिष्य पेत्र म्हणतो, इथेच तीन मंडप घालू. वर वारा लागला की त्याचं मन मला पुरतं कळतं. पण प्रवचनात मी त्या वाचनाच्या पुढचं सांगितलं. डोंगर उतरल्या उतरल्या येशूपुढे येतो तो आजारी मुलाचा बाप, गयावया करत.

आणि मग मी द्राक्षांवर आलो. गडावरून दिंडोरीच्या अंगाला बघावं तिकडे बागाच बागा. काढणी जोरात आहे, पेठ-सुरगाण्याकडच्या मजुरांच्या टोळ्या उतरल्यात. त्यांतली काही कुटुंबं आमच्याकडे मिस्सेला येतात. मागच्या आठवड्यात एका बागेत गेलो होतो. एक ताई घड देठाला धरून कापत होती, मण्यांवरची पांढरी पूड पुसली जाऊ नये म्हणून. इतक्या हळुवार हाताच्या बोटांवर कात्रीचे घट्टे. डब्यात भाकरी आणि ठेचा. मला म्हणाली, "फादर, उपासाच्या शुक्रवारी मी काय सोडू?"

"काही सोडू नकोस, ताई. पोटभर जेव." अडचण पाहून अशी सूट देण्याचा अधिकार धर्मग्रामाच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, फादरला आहे, आणि तो मी मनापासून वापरतो.

सोडायचं ते ज्यांच्या हातात काही आहे त्यांनी. उपवासकाळ ज्या राखेच्या बुधवारी सुरू होतो, त्यानंतरच्या शुक्रवारी बायबलमधल्या यशया संदेष्ट्याचा ५८वा अध्याय वाचतात. त्यात देव स्पष्टच विचारतो: उपासाच्या दिवशीही तुम्ही मजुरांना राबवून घेता, हा कसला उपास? म्हणून काल वेदीवरून बोललो. मटण सोडलं, चांगलं केलं. पण घरकामाच्या मावशीचा खाडा कापणं, ड्रायव्हरचा पगार दहा तारखेवर ढकलणं, हेही या चाळीस दिवसांत सोडा.

मिस्सेनंतर एक काका थांबले. "फादर, प्रवचन आत्म्याचं असू द्या, मजुरीचं कशाला?" माणूस सज्जन आहे, दर रविवारी पहिल्या बाकावर असतो. त्यांना म्हटलं, "काका, त्या ताईचा आत्मा संध्याकाळी मजुरीची वाट बघत उभा असतो." ते काही बोलले नाहीत, पण निघताना हात मात्र घट्ट दाबला.

आजच्या मिस्सेत मापाचं वाचन होतं, दाबून, हलवून, शीग भरून द्यायचं माप. गड उतरताना तेच मनात घोळत राहिलं. क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखसहनाची प्रार्थना, आपण शुक्रवारी संध्याकाळी सहाला ठेवतो, तेव्हा टोळ्यांचे टेम्पो बागेतून निघालेलेही नसतात. या शुक्रवारपासून आठला घ्यायची. मास्तरांना आजच फोन करतो, म्हणजे निरोप वस्तीपर्यंत वेळेत जाईल.