झोपलेल्या काड्यांना पाणी का घालत नाही?

दर वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका येतात, वाण घेतात आणि निघताना आमच्या इंदूरच्या घराच्या गॅलरीच्या दाराशी थबकतात. तिथे तारेला टांगलेल्या सात-आठ कुंड्यांत नुसत्या काड्या दिसतात. पानं असलीच तर दोन-चार, तीही पिवळी. काड्यांवर कागदासारखा पांढरट पापुद्रा. मग कुणीतरी हळूच विचारतं, "काकू, हे वाळलं ना? पाणी घालत नाही का तुम्ही?" यंदा तिघींनी विचारलं. त्यातल्या एकीने घरी पोचल्यावर पुन्हा फोन केला, कारण तिच्याकडेही तशीच कुंडी आहे आणि तिची पानं गळायला लागलीत. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते. हळदीकुंकवाच्या घाईत सांगून होण्यासारखं ते नाही.

वाळलेलं नाही, झोपलंय. आणि पाणी मी मुद्दाम घालत नाही.

ही आमरी, म्हणजे ऑर्किड. नाव डेंड्रोबियम नोबिले. सिक्कीमचं राज्यफूल हेच. मूळची हिमालयाच्या उतारांवरची, झाडाच्या फांदीला धरून वाढणारी. तिथे पावसाळ्यात धो धो पाऊस, आणि ऑक्टोबरनंतर कोरडी हवा, गार रात्री, पहाटेचं दव. पावसाच्या चार महिन्यांत ती सपाटून वाढते, उसासारखी पेरं असलेली जाड काडी तयार करते आणि त्या काडीत पाणी नि अन्न साठवते. कोरडे दिवस आले की पानं बाळगणं तिला परवडत नाही, कारण पानांतून पाणी उडून जातं. म्हणून पानांतलं जे कामाचं आहे ते आधी काडीत ओढून घेते आणि मग पान सोडते. जुन्या काड्या उघड्या होतात, नव्यांवर थोडी पानं राहतातही. शेजारी लोंबतंय ते डेंड्रोबियम अ‍ॅफिलम, त्याच्यावर मात्र एक पान उरत नाही.

यासाठी हिमालयातच जायला हवं असं नाही. आपल्या सह्याद्रीत डेंड्रोबियम बार्बेट्युलम आहे. जानेवारी-फेब्रुवारीत त्याच्या बोडक्या काड्यांवर पांढऱ्या फुलांचे घोस येतात. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना माझ्या कुंड्या मेलेल्या वाटत नाहीत.

माझी पहिली नोबिले कालिंपाँगच्या एका रोपवाटिकेतली. दोन कुंड्या आणल्या होत्या. पावसाळाभर छान वाढल्या, आणि डिसेंबरात पानं पिवळी पडायला लागली तशी माझ्या जिवाची घालमेल सुरू झाली. नळाला नर्मदेचं पाणी आलं की पहिला तांब्या त्यांना. वर खतही घातलं, अशक्तपणा आला असेल म्हणून. महिन्याभरात एकीच्या काड्या बुडापासून तपकिरी आणि मऊ झाल्या. दाबलं की पाणी यायचं, वास यायचा. थंडीत मुळं पाणी ओढत नाहीत, आणि कुंडीत भरलेल्या ओल्या झाडाच्या सालीत बसून ती कुजतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. दुसरी जगली, पण तिच्या पेरांवर फुलांऐवजी चार पिल्लं आली. मुळं फुटलेली इवली रोपं. दिसायला गोड, पण त्या वर्षी फूल एक नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते या पिल्लांमुळेच कळलं. काडीच्या प्रत्येक पेरावर एक डोळा असतो. त्याचं फूल होणार की पिल्लू, हे आधीपासून ठरलेलं नसतं. थंडीच्या त्या पाच-सहा आठवड्यांत ते ठरतं. रात्री दहा ते तेरा अंशांच्या आसपास गारवा, मुळाशी कोरडेपणा आणि दिवसा भरपूर उजेड मिळाला, तर डोळा फुलाकडे वळतो. ऊब, पाणी आणि नत्राचं खत मिळालं, तर तो पिल्लाकडे वळतो. मी मायेनं तांब्या ओतत होते आणि झाडाला सांगत होते, पावसाळा संपलेला नाही, वाढत राहा.

या बाबतीत इंदूरकर नशीबवान आहेत. मुंबईत राहणारी माझी मावसबहीण चांगली बागकाम करणारी, पण तिच्याकडे नोबिले नुसती पानं काढते, कारण तिथल्या रात्री गार होतच नाहीत. आपण साडेपाचशे मीटर उंचीवर आहोत. माळव्याची रात्र उन्हाळ्यातसुद्धा निवते, मग डिसेंबर-जानेवारीत तर पारा आठ-दहापर्यंत उतरतो, आणि दुपारी पंचविशीत छान कोवळं ऊन. हवाही कोरडी. या झाडाला हवा तसा हिवाळा आपल्याला आयता मिळतो, फक्त हात आवरायचा.

माझं वेळापत्रक सणांवर चालतं. अनंत चतुर्दशीला झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ निघतात, त्या आठवड्यात शेवटचं खत. कोजागिरीनंतर पाणी कमी करत जाते, दिवाळीनंतर जवळजवळ बंद. तेव्हापासून पंधरा दिवसांतून एकदा, तेही सकाळी ऊन आल्यावर, काड्यांवर फवाऱ्याने थोडं, संध्याकाळपर्यंत सगळं सुकलं पाहिजे इतकंच. कुंडीत माती नसतेच. आपली काळी माती तर मुळीच नको. पाइनची साल, कोळसा, विटांचे तुकडे. नारळाच्या शेंड्या मी सोडून दिल्या, हिवाळ्यात फार दिवस ओल धरून ठेवतात.

खरी काळजी मावठ्याची. जानेवारीत दोन दिवस आभाळ येतं, पाऊस होतो, शेतकरी गव्हासाठी खूश असतात आणि मी कुंड्या उचलून आत आणते. एक भिजणं चालतं, पण दोन दिवस ढगाळ हवेत ओलं राहणं नाही. पारा पाच-सहावर जाईल अशी रात्र असेल तरीही आत, पण बिनपंख्याच्या, बिनहीटरच्या खोलीत. उबेत ठेवलं तर सगळं मुसळ केरात.

मग जिवंत आहे हे कसं ओळखायचं? काडी बोटांत धरून दाबा. घट्ट लागली तर ठीक. वरवर सुरकुत्या असतील तरी घाबरू नका, ते साठवलेलं पाणी वापरणं आहे. बोटं रुततील इतक्या खोल सुरकुत्या पडल्या तर मात्र एकदा नीट पाणी द्या. पापुद्रा जरा सोलून खाली हिरवं दिसलं की निश्चिंत व्हा. आणि जुन्या उघड्या काड्या कापू नका! फुलं त्यांच्यावरही येतात. मोलकरणीने एकदा साफसफाई म्हणून चार काड्या तोडल्या, तिचा दोष नव्हता, मीच तिला सांगितलं नव्हतं. त्या वर्षीची निम्मी फुलं केरात गेली.

महाशिवरात्रीच्या सुमारास पेरांवर मोहरीएवढे डोळे फुगतात. तरी लगेच तांब्या उचलायचा नाही. कळी आहे हे स्पष्ट दिसेपर्यंत थांबायचं, मग थोडं थोडं पाणी. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंग खेळणाऱ्यांची मिरवणूक निघते, तेव्हा आमच्या गॅलरीत काड्या बुडापासून टोकापर्यंत फुललेल्या असतात, पांढऱ्या पाकळ्यांची टोकं जांभळी आणि घशात गडद मरून.

फोन करणारीला मात्र एक आधी विचारायला हवं होतं: कुंडी कुठली? इथल्या रोपवाटिकांत बहुतेक वेळा मिळतं ते जांभळ्या फुलांचं 'सोनिया' वगैरे डेंड्रोबियम. ते उष्ण भागातल्या जातींपासून केलेलं आहे, त्याला असली झोप लागत नाही. त्याला थंडीतही बेताचं पाणी हवं आणि रात्री पंधरा अंशांखाली ठेवू नये. त्याची पानं गळत असतील तर ती थंडीने. त्याची फुलं टोकाला लांब दांड्यावर येतात, नोबिलेची काडीच्या पेरापेरावर. तुमच्या झाडाला मागच्या वेळी फुलं कुठे आली होती ते आठवून सांगा. आठवत नसेल तर येत्या रविवारी कुंडीच घेऊन या, तोवर पाणी घालू नका.