धाव चढवण्याची जागा

बैलगाडीची चाकं बनवणाऱ्या जुन्या सुतारशाळा मराठवाड्यात जपायच्या असतील, तर नुसती अवजारं भिंतीला टांगून भागणार नाही. धाव, म्हणजे चाकाभोवतीचं लोखंडी कडं, चढवण्याची जागाही राखायला हवी. खरं कसब तिथंच दिसतं.

लाकूड बाभळीचं. मधे तुंबा (चाकाचा मधला ठोकळा), त्यात बारा आरे (दांडे), दर दोन आऱ्यांवर एक असे सहा पुठे (घेराचे वक्र तुकडे). पुठ्यांच्या सांध्यांत मुद्दाम बारीक फट ठेवतात, कारण धाव आवळल्यावर ती मिटते. फट नसेल तर सगळा दाब पुठ्यांतच अडतो आणि आरे सैल राहतात.

मापाला सुतळी वापरू नये, ती ताणते. चाकावर खडूची खूण करून ते लोखंडी पट्टीवरून एक फेरा फिरवावं. साडेचार फूट व्यासाच्या चाकाचा घेर सुमारे 14 फूट भरतो. धाव त्याहून पाऊण इंच कमी ठेवावी. गोवऱ्यांच्या आगीत तापमान 500 अंशांनी वाढलं, की ती इंचभर फुगते. चढवली की लगेच पाणी; उशीर झाला तर पुठे जळतात आणि धाव पुन्हा ढिली पडते.

लाकूड ओलं असेल तर ही सगळी मेहनत वाया. वैशाखाच्या उन्हात ते आकसतं, धाव खुळखुळते, मग चाकं रात्रभर पाण्यात भिजत घालावी लागतात. मांडणीत असं सैल चाकही ठेवावं.