बुलोन ते डोव्हर: अडीच तासांचा उशीर

फ्रान्सच्या बुलोनहून इंग्लंडच्या डोव्हरला यायचं म्हणजे जेमतेम पंचवीस सागरी मैल. आमच्या चौतीस फुटी शिडाच्या बोटीला चार-साडेचार तास पुरतात. बोट दाजींची. बोटीवर आम्ही तिघं: दाजी, त्यांची सतरा वर्षांची मुलगी म्हणजे माझी भाची, आणि मी. जाताना काहीच घडलं नाही, त्यामुळे ते सोडून देतो. येताना जे घडलं त्याची सुरुवात माझ्यामुळे झाली.

पहाटेच्या हवामान अंदाजात डोव्हर क्षेत्रासाठी नैऋत्येचा वारा ५ ते ६ (वाऱ्याचा जोर मोजायच्या बोफर्ट मापावर) आणि 'लेटर' गेल ८, म्हणजे वादळी वारा, असं सांगितलं. या अंदाजातले शब्द मोजूनमापून वापरलेले असतात, ते पाठच करून ठेवा. 'इमिनंट' म्हणजे सहा तासांच्या आत, 'सून' म्हणजे सहा ते बारा तासांत, 'लेटर' म्हणजे बारा तासांनंतर. गेल ८ म्हणजे ३४ ते ४० नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वारा. दाजी म्हणतात, सून दारात यायच्या आत घर आवरलेलं बरं.

थोडक्यात, संध्याकाळपर्यंत सवड होती. डोव्हरची भरती साडेदहाची. तिच्या दीड-दोन तास आधी इंग्लिश खाडीतलं पाणी ईशान्येकडे वाहायला लागतं ते जवळजवळ सहा तास. वारा नैऋत्येचा, म्हणजे वारा आणि पाणी एकाच दिशेला. असं असलं की लाटा लांबट आणि सोसवतील अशा असतात. पाणी उलटलं आणि वाऱ्याच्या अंगावर जाऊ लागलं की त्याच वाऱ्यात लाटा आखूड आणि उभ्या होतात. म्हणून पावणेनऊला निघून दुपारी एकच्या सुमारास डोव्हरला पोचायचं ठरलं होतं.

निघालो सव्वाअकराला. फ्रान्समधून बाहेर पडतानाचे पासपोर्टवरचे शिक्के आदल्या संध्याकाळीच घेऊन ठेवायचं काम माझ्याकडे होतं, आणि मी ते 'सकाळी बघू' म्हणून ठेवलं. सकाळी तिथे रांग. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनहून येणाऱ्या बोटींना हे सोपस्कार करावेच लागतात, आणि ते हरेक बंदरात होत नाहीत, तेव्हा जाण्याआधी नीट विचारून घ्या. भारतीय पासपोर्ट असेल तर तुम्ही ब्रिटनमध्ये कायमचे राहत असलात तरी शेंगेन व्हिसा लागतो. बोटीने जाताय म्हणून त्यात सवलत नाही. ब्रिटनला परतण्याआधीही ऑनलाइन कळवावं लागतं.

मी धापा टाकत परतलो तेव्हा दाजी रेडिओजवळ बसले होते. नवा इशारा आला होता: गेल ८, सून. ते घड्याळाकडे बघत राहिले. मला काही बोलले नाहीत, हेच जास्त लागलं. आज विचाराल तर आम्ही बुलोनलाच थांबायला हवं होतं. पण सोमवारी भाचीचं कॉलेज, माझं ऑफिस... निघालो. एक शहाणपण मात्र केलं: मुख्य शीड बंदरातच दोन पट्ट्या आखडून छोटं केलं आणि तिघांनी पट्टे बोटीला अडकवून घेतले. हे काम बाहेर लाटांत करायला जाऊ नका.

आता खाडीबद्दल. डोव्हरच्या सामुद्रधुनीतून दिवसाला चारशेच्या वर जहाजं जातात. त्यांच्यासाठी चक्क दुभाजक असलेला रस्ता आखला आहे: फ्रान्सच्या बाजूने ईशान्येकडे जाणारी लेन, इंग्लंडच्या बाजूने नैऋत्येकडे येणारी. आपल्याला तो रस्ता काटकोनात ओलांडायचा असतो. इथे नवखे चुकतात. काटकोन बोटीच्या तोंडाचा हवा, नकाशावरच्या वाटेचा नव्हे. पाणी बोटीला बाजूला ढकलत असतं, ते ढकलू द्यायचं. आम्ही फ्रान्सच्या ग्री-ने भूशिराच्या बरंच अलीकडे तोंड वायव्येला केलं आणि डोव्हर चांगलं उजवीकडे ठेवलं. सहा-सात मैल पाण्यानेच आम्हाला तिकडे नेलं. तोंड सतत डोव्हरकडे वळवत बसलात तर लेनमध्ये तिरके आणि जास्त वेळ राहता, शिवाय नियम मोडता तो वेगळाच.

शिडाच्या बोटीला वाट द्यायची हा किनाऱ्यावरचा समज इथे विसरा. लेनमधल्या मोठ्या जहाजाला अडथळा व्हायचं नाही, हा नियम आहे.

"मामा, ते जहाज सरकतच नाहीये."

भाची हातातल्या होकायंत्रातून डावीकडच्या कंटेनर जहाजाकडे बघत होती. २२५ अंश. पाच मिनिटांनी पुन्हा २२५. दिशा तीच आणि आकार वाढतोय, याचा अर्थ टक्कर. एआयएसच्या, म्हणजे आसपासच्या जहाजांची जागा आणि वेग दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर आकडा होता: सर्वात जवळ येईल तेव्हा ०.२ मैल, जहाजाचा वेग १८ नॉट, अंतर चार मैल. चार मैल खूप वाटतात, पण ते तेरा-चौदा मिनिटांत येतं. दाजींनी दोन्ही शिडं सैल सोडली. कापड फडफडायला लागलं, सहाचा वेग दोनवर आला, आणि २२५ चे २३२, मग २४० झाले. मैलभर पुढून ते गेलं तेव्हा त्याच्या कडेचे गंजाचे ओघळ मोजता आले असते. माणूस एकही दिसला नाही.

दुभाजकापाशी मी उलट्या केल्या. हीच खाडी मिहिर सेन यांनी १९५८ मध्ये आणि आरती साहा यांनी १९५९ मध्ये पोहून पार केली होती, याची भाचीने त्याच वेळी आठवण करून दिली. उलटीची गोळी निघताना नाही, आदल्या रात्री घ्या. भांडी-डबे खाली उतरून शोधावे लागतील असं काही ठेवू नका. आमच्या दशम्या आणि आल्याच्या वड्या सुकाणूजवळच्या पिशवीत होत्या, म्हणून दाजींच्या तरी पोटात काही गेलं.

दुसऱ्या लेनमध्ये जहाजं उजवीकडून येतात, मान तिकडे वळवायची. पाऊस सुरू झाला आणि दिसणं मैल-दीड मैलावर आलं. वार्न नावाची वाळूची लांब दांडी डोव्हरच्या नैऋत्येला आहे, खराब हवेत तिच्यावर लाटा फुटतात. तिच्या ईशान्य टोकापासून लांबून गेलो.

तीनला पाणी उलटलं. डोव्हर दोन मैलांवर. पावणेनऊला निघालो असतो तर तोवर चहा होऊन गेला असता. वारा ७ ला टेकलेला, लाटा एकदम उभ्या, आणि बोट प्रत्येक लाटेवरून आदळत होती. रेडिओच्या चॅनेल ७४ वर बंदराशी बोललो तर उत्तर आलं, फेरीबोटी बाहेर निघताहेत, थांबा. पश्चिमेच्या तोंडाबाहेर त्या खळबळीत पंधरा मिनिटं घिरट्या घातल्या. सगळ्या प्रवासात भीती वाटली ती तेवढीच. इंजिन दाजींनी आधीपासून चालू ठेवलं होतं, कारण हेलकाव्यांनी टाकीतला गाळ वर येऊन फिल्टर तुंबतो, आणि तसं झालं तर ते आधीच कळलेलं बरं. नवा फिल्टर आणि तो बदलायचा पाना भाचीच्या मांडीवर तयार होता. लागला नाही.

चारच्या आधी आत आलो. सात वाजता गेल सुरू झाला आणि पुढचा अख्खा दिवस डोव्हरमधून एकही छोटी बोट हलली नाही. सोमवारी ऑफिसला गेलो, पण डोकं हलत होतं, त्यामुळे काम शून्य.