आबाजींची आरी

आषाढीला आबाजी कधीच पंढरपुरात नसत. शेगावची पालखी आणि मागून येणाऱ्या लहान दिंड्या आमच्या भागातून जायच्या, तेच त्यांचे कामाचे दिवस. रस्त्याकडेच्या निंबाखाली पोतं अंथरायचं, तीन पायांची ऐरण मांडायची आणि शेवटचा वारकरी पुढं जाईस्तोवर चपला शिवायच्या. पैसा घ्यायचा नाही. स्वतः ते कार्तिकीला जात, एसटीनं. यंदा मी गावच्या दिंडीसोबत पायी निघालो, तेव्हा त्यांची आरी, रापी, मेणाचा गोळा आणि दोऱ्याचं रीळ झोळीत घातलं. ऐरण जड, ती घरीच राहिली.

अकोला ते पातूर डांबर तापलेलं होतं. आदल्या रात्री बाजारात सोल्युशननं चिकटवून घेतलेले तळ पहिल्या दोन दिवसांतच उकलले. सोल्युशन तापलं की मऊ पडतं, आणि बरेच जण धूळ न घासताच लावतात. नीट लावायचं तर दोन्ही बाजू खरवडायच्या, दोन्हींवर पातळ हात द्यायचा, बोटाला चिकटेनासं झालं की मगच दाबायचं. एवढं करूनही वारीच्या चपलेला आबाजींचा भरवसा टाक्यावरच. "खिया ठोकू नको बाप्पा, पाण्यानं गंजते अन् पायातच निंघते."

सगळ्यात आधी तुटतो तो अंगठ्याचा पट्टा. तो नुसता मूळ भोकांतून परत शिवला तर दोन कोसांत पुन्हा निघतो, कारण तिथलं कातडं आधीच फाटून विरलेलं असतं. म्हणून खालून कातड्याचा तुकडा द्यायचा आणि टाके जुन्या भोकांपासून अर्धा बोट मागं घ्यायचे. बोटाच्या एका पेरात तीनच टाके. जास्त घातले तर कातडं तिकिटासारखं ओळीनं फाटतं. दोन ओळी घालायच्या, पण भोकं समोरासमोर नकोत, एकाआड एक. तळाला आधी रापीनं बारीक चर पाडायचा म्हणजे दोरा आत बसतो, रस्त्यावर घासत नाही. आरीनं भोक पाडून खालचा दोरा आकड्यात वर ओढायचा, फासातून दुसरं टोक काढायचं, दोन्ही हातांनी सारखं ताणायचं. दोऱ्याला मेण हवंच, त्यानं टाका आवळून बसतो आणि पाणी धरत नाही.

मेडशी, मालेगाव, शिरपूर गेलं. हरिपाठ, जेवण, झोप, पहाटे पुन्हा चालणं. मुक्कामाला चिखलासकट चप्पल समोर टाकून निघून जाणाऱ्यांचा मला फार राग येई. आबाजी मात्र निंबाखाली बसत तेव्हा पाण्याचा डबा जवळच ठेवत. स्वतः धूत आणि टाच कुठून झिजली ते बघत. बाहेरून झिजली असेल तर त्या बाजूला टायरचा तुकडा लावून मगच पट्ट्याला हात घालत. नाहीतर पाय तिकडंच कलतो आणि नवा टाकाही तुटतो.

रिसोडच्या पुढं पावसानं गाठलं. रेगडी माती तळाला धरली, एकेक पाऊल शेराचं झालं. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं तसा मी ओल्या चपला झोळीवर बांधून वाळवल्या. कातडं सावलीतच वाळवायचं, हे लहानपणापासून ऐकूनही मी तसं केलं. दुपारी पट्टा लाकडासारखा झाला आणि करंगळीजवळ फोड आला. दिंडी पुढं गेली, टाळ ऐकू येईनासे झाले. बाभळीखाली बसून कोणाशी भांडावं असं झालं होतं.

शेळ्या घेऊन एक म्हातारी आली. चप्पल हातात घेऊन तिनं पट्टा वाकवून पाहिला. "कातड्याले तान लागली हाय, बावा." शेजारच्या वावरातल्या झोपडीतून तिनं बाटलीच्या झाकणात एरंडीचं तेल आणलं. वरून न लावता पट्ट्याच्या आतल्या खरबरीत बाजूनं अंगठ्यानं चोळत राहिली. तिकडूनच तेल मुरतं. झाकण संपलं तशी उठून दुसरं आणलं. मग पट्ट्याची धार एका गोट्यावर ठेवून दुसऱ्या गोट्यानं हळू ठेचली, धार गोल होईपर्यंत. आबाजी हेच काम ऐरणीवर हातोडीनं करत. फोडाची कातडी ओढू नको म्हणाली, पदराचा धडपा फाडून वर बांधला. मी म्हटलं, "माय, पंढरपुरात काय मागू तुझ्यासाठी?" ती शेळ्यांमागं निघालीही होती. "पाऊस माग," एवढंच ऐकू आलं.

औंढ्याला दर्शन झालं. परळी, अंबाजोगाई, तुळजापूर झालं.

मंगळवेढ्यात पाय थांबले. गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून चोखोबा गेले ते हे गाव, आणि त्यांचं जन्मगाव आमच्या बुलढाण्यातलं मेहुणाराजा. आबाजींच्या वडिलांनी पंढरीला जाऊन चोखोबांच्या समाधीपासून कळसाला हात जोडले, पायरी चढू दिली नव्हती. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींच्या उपोषणानंतर दार उघडलं. पुढं आबाजी आत गेले, पण प्रत्येक कार्तिकीला आधी चोखोबांपुढं बसत आणि रोहिदास महाराजांचं नाव घेऊनच उठत.

पंढरीला पोचल्यावर मीही आधी चोखोबांच्या समाधीपाशीच गेलो. झोळी खाली ठेवून डोकं टेकवलं. मेणाच्या गोळ्यावर दोऱ्यानं पडलेल्या चिरा आहेत, अर्ध्या आबाजींच्या, अर्ध्या माझ्या. आता वेगळ्या सांगता येत नाहीत. शेजारी एक वारकरी अंगठा तुटलेली चप्पल हातात धरून उभा होता. रिळावर दोरा हातभर उरला होता. चार टाक्यांना पुरला.